पहिली गाडी, घरचा चढ: पावसच्या पुढच्या एका वाडीतलं प्रकरण

परिस्थिती

रत्नागिरीजवळच्या पावस गावाहून पूर्णगडकडे जाताना सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उजव्या हाताला एक सिमेंटचा रस्ता फुटतो आणि समुद्राच्या बाजूला वाडीत उतरतो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे (कुंपणाच्या दगडी भिंती), मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट, निम्म्यावर तीव्र वळण आणि त्या वळणातच आंब्याचं जुनं कलम. पावसाळ्यात कडेला शेवाळ धरतं. समोरून रिक्षा आली तर दोघांपैकी एकाला मागे जावंच लागतं. या रस्त्याच्या तळाशी माझ्या ताईचं घर आहे, आणि हे प्रकरण तिच्या मुलीच्या पहिल्या गाडीचं आहे.

भाची रत्नागिरीत एका रुग्णालयात परिचारिका आहे. घरापासून एका बाजूचं अंतर साधारण पंचवीस किलोमीटर, आणि काम तीन पाळ्यांचं. सकाळपाळीला जायला-यायला एसटी मिळते. दुपारपाळी सुटते तेव्हा मात्र आमच्या बाजूची शेवटची गाडी गेलेली असते. म्हणून ती स्कूटर वापरायची. गोळपच्या सड्यावर जुलै महिन्यात रात्री स्कूटर चालवणं म्हणजे काय, ते तिथून गेलेल्यालाच कळेल. पाऊस आडवा येतो, वारा गाडी ढकलतो आणि अंधारात डांबरावर गुरं बसलेली असतात. गेल्या पावसाळ्यात असंच एक जनावर चुकवताना ती घसरली. मनगटाला मुका मार लागला, एवढ्यावर निभावलं. त्यानंतर घरात गाडीचा विषय निघाला.

शिकाऊ परवाना काढून तिनं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, तीस दिवसांची मुदत झाल्यावर चाचणी दिली आणि पक्का परवाना हातात आला. शिकवणी सगळी शहरातल्या सपाट रस्त्यांवर झाली होती. चढावर थांबलेली गाडी मागे न जाऊ देता पुन्हा कशी उचलायची, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. घरी पोचायला रोज तेच लागणार होतं.

मी एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालो. आंबा घाट, किनाऱ्याचे रस्ते, मुंबई–गोवा महामार्ग हे सगळं चाकाखालून गेलेलं, म्हणून गाडीचं काही निघालं की घरचे मला विचारतात. हे सविस्तर लिहितो आहे, कारण असे चढ आणि अशा वाड्या दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत जागोजागी आहेत. नव्यानं शिकलेल्या मुलामुलींसाठी गाडी घ्यायची ठरली की घराघरांत चर्चा होते. त्या चर्चेत सगळ्यांची सोय बघितली जाते, फक्त जो चालवणार त्याची बघायची राहून जाते. आमच्याकडेही सुरुवात तशीच झाली.

घरच्यांची मतं

मुंबईचा भाचा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, म्हणाला सात सीटर घेऊ. गणपतीत आणि शिमग्याला सगळे एकत्र फिरू, हप्त्याला तो हातभार लावील. भावोजींना डिझेल हवी होती. त्यांच्या डोक्यात ॲव्हरेजचा हिशोब पक्का, आणि चिपळूणला ओळखीच्या एजंटाकडे एक डिझेल सेडान स्वस्तात होती. ताईचं एकच म्हणणं, चढता-उतरता गुडघे दुखायला नकोत. भाचीला स्वतःला शोरूममधली टाटाची नवी पंच आवडली होती. उंच बसायला मिळतं, समोरचं दिसतं, आणि नवीन गाडीत कुणाच्या वापराची काळजी नाही.

तिला बाजूला घेऊन मी विचारलं, "बाय, तुझं काय म्हणणं? चालवणार तू आहेस."

ती म्हणाली, "मामा, मला रात्री साडेदहाला तो उतार एकटीनं उतरता आला पाहिजे. बाकी काही नको."

माझ्या दृष्टीनं गाडी निवडायची कसोटी त्या वाक्यातच ठरली. पहिली गाडी मालकाच्या रोजच्या रस्त्यातल्या सगळ्यात अवघड शंभर मीटरला पुरी पडली पाहिजे. महामार्गावर आजची कुठलीही गाडी चालते.

आधी रस्ता मोजला

भावोजींकडची मोजणीची टेप घेऊन आम्ही दोघं चढावर गेलो. गडग्यांमधली सगळ्यात अरुंद जागा साडेसात फूट भरली, म्हणजे सुमारे २२९ सेंटीमीटर. सात सीटर अर्टिगाची रुंदी १७३.५ सेंटीमीटर, छोट्या गाड्यांत टियागोची १६७.७, वॅगनआरची १६२. हे आकडे आरसे सोडून असतात. आरसे धरले की दोन्ही बाजूंना वीतभर जागाही उरत नाही, गाडी कुठलीही असो. रुंदीत सात सीटर आणि टियागो यांच्यात फरक जेमतेम सहा सेंटीमीटरांचा आहे, म्हणून "मोठी गाडी बसणारच नाही" असं म्हणणं खोटं ठरलं असतं.

फरक पडतो तो लांबीत आणि वळण्यात. अर्टिगा ४३९.५ सेंटीमीटर लांब आहे, टियागो ३७७च्या आत. म्हणजे दोन फुटांचा फरक. वळायला अर्टिगाला ५.२ मीटरची त्रिज्या लागते, टियागोला ४.९, वॅगनआरला ४.७. कागदावर हे आकडे किरकोळ दिसतात. कलमाच्या वळणात त्यांचा अर्थ असा की छोटी गाडी एका दमात वळते आणि लांब गाडी थांबवून, चढावरच मागे घेऊन, पुन्हा पुढे काढावी लागते. दिवाळीत भाचा मुंबईहून भाड्याची सात सीटर घेऊन आला होता, तेव्हा हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्याचा हात सराईत आहे. पण तीच गोष्ट पावसात, रात्री, नवशिक्या हातांनी करायची तर क्लच जळाल्याचा वास येणार, आणि त्याहून वाईट म्हणजे चालवणाऱ्याच्या मनात चढाची भीती बसणार. ती एकदा बसली की मग गाडी अंगणात उभी राहते आणि माणूस पुन्हा स्कूटर काढतो. असं झालेली घरं मला ठाऊक आहेत.

जमिनीपासूनची उंचीही पाहिली. वॅगनआर १६५ मिलीमीटर, टियागो १७०, पंच १८७. हे आकडे रिकाम्या गाडीचे. चार माणसं आणि नारळाचं पोतं भरलं की गाडी खाली बसते. सिमेंटचा रस्ता संपून ताईच्या खळ्याकडे वळताना एक उंचवटा होता, तिथे सेडानसारख्या लांब गाडीचं पोट घासलंच असतं. भावोजींनी दोन घमेली खडी आणि सिमेंट टाकून तो सारखा करून घेतला. गाडीवर लाख रुपये जास्त घालण्याआधी रस्त्यावर हजार रुपये घालून काम भागतं का, ते जरूर बघावं.

किती चालणार, त्यावर इंधन

रोज पन्नास किलोमीटर धरून भावोजी महिन्याला बाराशे किलोमीटरचा हिशोब मांडत होते आणि त्यातून डिझेल निघत होती. मी त्यांना एसटीची आठवण करून दिली. १७ मार्च २०२३पासून महाराष्ट्रात एसटीच्या सगळ्या गाड्यांत महिलांना अर्धं तिकीट आहे. सकाळपाळीच्या दिवसांत भाचीनं एसटीनं जायचं आणि गाडी दुपारच्या व रात्रीच्या पाळीला काढायची. त्यामुळे चालणं महिन्याला सहाशे किलोमीटरवर आलं. लिटरला अठरा किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर साडेतीन हजारांचं पेट्रोल. डिझेलनं त्यात महिन्याला हजारभर रुपये वाचले असते. पण सात-आठ वर्षांच्या डिझेल गाडीचा एक इंजेक्टर किंवा टर्बो गेला की वर्षा-दोन वर्षांची ती बचत एका बिलात जाते.

एसटीत आयुष्य काढलं म्हणून हे सांगत नाही. नव्या चालकाला थकलेल्या अंगानं रोज पन्नास किलोमीटर चालवायला लावणं मला बरोबर वाटत नाही. एसटी असेल तिथे एसटी, नसेल तिथे गाडी, यानं पैसे वाचतात आणि जीवही.

सीएनजी रत्नागिरीत मिळतो, पण सिलिंडर डिकी खातो, चढाला ओढ थोडी कमी पडते आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी करून घ्यावी लागते. सहाशे किलोमीटरसाठी ते सोसायचं कारण नव्हतं. गिअरचं विचाराल तर ती मॅन्युअलवर शिकली होती, तेच ठेवलं. हल्लीच्या एएमटी, म्हणजे क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या वाईट नाहीत. पण घ्यायचीच तर चढावर गाडी धरून ठेवणारी सोय तिच्यात आहे ना, हे विचारून घ्यावं. ती नसेल तर अरुंद चढावर गाडी मागे सरकते आणि नवशिक्याचा धीर सुटतो.

चिपळूणची डिझेल

तरी भावोजींच्या मनात राहू नये म्हणून आम्ही चिपळूणला जाऊन ती सेडान पाहिली. २०१८ची गाडी, किंमत दोन लाख नव्वद हजार, बाहेरून चकचकीत. एवढी स्वस्त का, या प्रश्नाला "मालकाला घाई आहे" एवढंच उत्तर होतं.

चिपळुणात गाडी बघताना २२ जुलै २०२१ विसरून चालत नाही. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं, आणि उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच विम्यातून निकाली निघाल्या. काही स्वच्छ करून, नवे सीट कव्हर चढवून पुन्हा बाजारात येतात, आणि चिपळुणातच येतात असंही नाही. चिपळूणची प्रत्येक जुनी गाडी संशयानं बघावी असं मी म्हणणार नाही. तिथल्या लोकांनी त्या दिवसांत जे सोसलं ते पाहिलं आहे. पण तपासल्याशिवाय घेऊ नये.

तपासायला फार हत्यारं लागत नाहीत. पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. जो भाग एरवी खांबाच्या आत गुंडाळलेला असतो तिथे मातकट रेघ होती, आणि बेल्ट परत जाताना कुरकुरत होता. स्टेपनी उचलली, खालच्या खोलगट जागेच्या कोपऱ्यात बारीक, वाळलेला गाळ. सीटच्या रुळांना गंज, तोही खालून नव्हे तर सर्व बाजूंनी सारखा. गालिचा मात्र कोरा करकरीत. आत अत्तराचा वास इतका, की काच खाली करावी लागली. गाडी पुरात होती असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मात्र एवढ्या खुणा एकत्र दिसल्यावर मी त्या गाडीत भाचीला बसवणार नव्हतो.

बुडालेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, ते चालतंही. पण बऱ्याच गाड्यांत एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारी पेटी दोन सीटांच्या मध्ये, अगदी तळाशी असते. पाणी पहिलं तिथे पोचतं. म्हणजे वर्षानुवर्षं गाडी नीट धावेल आणि नेमक्या गरजेच्या क्षणी एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. भावोजींना हे पटलं. त्यांनी परतीच्या वाटेवर डिझेलचा विषय स्वतःच बंद केला.

तिनं मांडलेला मुद्दा

आता तीन गाड्या उरल्या: नवी पंच, जुनी वॅगनआर, जुनी टियागो.

माझा कल वॅगनआरकडे होता. अरुंद, हलकी, सीट उंच, चारी बाजूंनी काच मोठी, कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते. ताईला गुडघे न वाकवता बसता येतं. नवशिक्या माणसाला गाडीचा कोपरा कुठे संपतो ते दिसणं फार महत्त्वाचं असतं, आणि त्यात ही गाडी चांगली आहे.

भाचीनं मोबाइल पुढे केला. गाड्या आपटवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३च्या चाचणीत वॅगनआरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एक तारा. टियागोला जानेवारी २०२०च्या चाचणीत चार. पंचला २०२१मध्ये पाच.

ती म्हणाली, "मामा, तुम्ही गाडी चालवताना बघता. मी गाडी आपटल्यावर काय होतं ते बघते. आमच्याकडे महामार्गावरचे पेशंट येतात. स्टेअरिंग छातीत घुसलेलं, पाय इंजिनखाली अडकलेला. पत्रा आत येतो की नाही, त्यावर माणूस बोलत येतो की नाही ते ठरतं."

मी यावर काय बोलणार? तिचं ज्ञान तिच्या कामातून आलं होतं आणि ते माझ्या मतापेक्षा वजनदार होतं. एक गोष्ट मात्र मी तिच्यासमोर ठेवली. २०२२च्या जुलैपासून या चाचण्यांचे नियम कडक झाले, त्यामुळे आधीचे तारे आणि नंतरचे तारे सरळ शेजारी ठेवून मोजता येत नाहीत. टियागोचे चार तारे जुन्या नियमांतले आहेत. तिनं ते ऐकलं, पण एक तारा आणि चार तारे यांतलं अंतर तिला तरीही मोठं वाटलं. तिथे वॅगनआर मागे पडली.

पंच आणि टियागो यांच्यातला निर्णय खरोखर अवघड होता, आणि पंच घेतली असती तरी मी चूक म्हटलं नसतं. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाड्या बऱ्यापैकी स्वस्त झाल्या होत्या. तरी महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर, विमा आणि आपल्याला हवं ते व्हेरियंट धरून हिशोब साडेसात लाखांवर जात होता. भाचीची शिल्लक सव्वादोन लाख. साडेपाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षं घेतलं तर महिन्याला साडेअकरा हजार. जुन्या टियागोसाठी अडीच लाख पुरत होते. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर जास्त असतो, तो बारा टक्के धरला तरी तीन वर्षं आठ हजार तीनशे.

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी होऊ शकतं. पैसा हातात राहावा असं भाचीला वाटलं. शिवाय गडग्यांमधून शिकताना गाडीला पहिले ओरखडे येणारच. नव्या कोऱ्या गाडीवर ते आले की घरातले बोलतात, आणि बोलण्यानं शिकणाऱ्याचा हात आखडतो. सात सीटरचा प्रश्न भाच्यानंच सोडवला. सणाच्या चार दिवसांसाठी गाडी भाड्यानं आणायची. नऊ लाखांच्या कर्जाचा सात वर्षं चौदा हजार सातशेचा हप्ता भरण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

गाडी तपासताना

रत्नागिरीतच एक टियागो मिळाली. २०२२ची, पेट्रोल, एमएच ०८, पहिलाच मालक, बत्तीस हजार किलोमीटर. साल मुद्दाम पाहिलं. १ जानेवारी २०२२पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही सीटांना एअरबॅग सक्तीच्या झाल्या. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी सोय) आणि ड्रायव्हरची एअरबॅग त्याआधी, २०१९पासूनच आहे. याहून जुनी गाडी घेणाऱ्यानं नेमक्या कुठल्या व्हेरियंटमध्ये काय आहे ते एकेक तपासावं. ताईला शेजारी बसवायचं तर दुसरी एअरबॅग हवीच.

व्हेरियंट वरचं होतं. मोठ्या स्क्रीनकडे आम्ही पाहिलंही नाही. ड्रायव्हरची सीट वर-खाली होते हे बघितलं, कारण भाची उंचीनं बेताची आहे. मागच्या काचेला वायपर आणि दव घालवणाऱ्या तारा आहेत हे बघितलं. कोकणातल्या चार महिन्यांत मागची काच दिसत नसेल तर चढावर गाडी मागे घेणं म्हणजे अंदाजपंचे काम. या तीन गोष्टींसाठी वरच्या व्हेरियंटचे वीस-तीस हजार द्यायला मी कधीही तयार होईन.

मालकाला आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटला हात लावून थंड असल्याची खात्री केली, मग चावी फिरवली. आवाज स्वच्छ, धूर नाही. त्यानंतर गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये रॅम्पवर चढवली. किनाऱ्यावरची जुनी गाडी खालून बघितल्याशिवाय घेऊच नये. इथल्या हवेत मीठ आहे, आणि पर्यटकांचं पाहून काही मालकही गाडी वाळूत नेतात. सायलेन्सरचा पाइप, सस्पेन्शनचे जोड, ब्रेकच्या नळ्या, दाराच्या खालच्या कडा, सगळं बॅटरीच्या उजेडात पाहिलं. पाइपला वरवरचा गंज होता, ब्रेकच्या नळ्या ठीक होत्या. दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोकं लाल मातीनं बुजली होती, ती मेकॅनिकनं तिथेच मोकळी केली. गंजरोधक थर देताना तीच भोकं बुजवून टाकणारे कारागीर असतात. मग पाणी दारातच साचतं आणि गंज आतून सुरू होतो. थर देऊन घेणाऱ्यानं हे उभं राहून बघावं.

टायरांची नक्षी चांगली दिसत होती, पण बाजूला कोरलेले चार आकडे वाचले तर चारही टायर २०२२च्या सुरुवातीचे निघाले. त्या चारांतले पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. कायद्याला १.६ मिलीमीटर खोली पुरते. आमच्याकडच्या पावसात तीनच्या खाली गेलेलं टायर मी ठेवणार नाही, आणि उन्हात वाळलेलं रबर नक्षी असूनही ओल्या सिमेंटवर धरत नाही. पुढचे दोन लगेच बदलायचे ठरले आणि तो खर्च किमतीतून कमी करून मागितला. नव्या गाड्यांचे भाव उतरले आहेत हाही मुद्दा होताच. साडेचार लाखांवरून गाडी चार लाख पंधरा हजारांना ठरली.

पण सौदा होण्याआधी गाडी घरच्या चढावर नेली. मालक सोबत आला. ताईला मागे, भावोजींना पुढे आणि भाचीला स्टेअरिंगवर बसवून वळणाच्या आधी मुद्दाम थांबवलं. क्लच घसरतो का, हँडब्रेक भरल्या गाडीला धरतो का, हे सपाट रस्त्यावर कळत नाही. हँडब्रेक सैल निघाला. मालकानं तो दुसऱ्याच दिवशी ताणून दिला.

कागद

परिवहन विभागाच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचा क्रमांक, विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा पाहिला. थकलेली चलनंही पाहिली. बोजा होता. कर्ज फिटलं होतं, पण आरसीवरून नाव काढलं नव्हतं. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मालकानं आणून दिल्याशिवाय आम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत. मग गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या आरटीओची असती तर फॉर्म २८ची एनओसीही लागली असती.

आरसीवर नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर जबाबदारी जुन्या मालकावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल आहे. म्हणून यात घाई दोघांच्याही हिताची. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, त्याच्याबरोबर जातो, तो आपल्याला मिळत नाही, हे भावोजींना आधीच सांगून ठेवलं. विम्यात इंजिन संरक्षणाचा जोड घेतला. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न झाला तर इंजिनात पाणी जाऊन ते कायमचं बसतं, आणि साधा विमा बहुधा ते देत नाही. भाचीला मी बजावलं आहे: वहाळाचं पाणी रस्त्यावर आलं तर थांबायचं, आणि पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही, उतरून ढकलून घ्यायची. जुन्या मालकाचा फास्टॅग काढला आणि दुसरी चावी मागून घेतली.

पहिले महिने

गाडी आली ती भर हिवाळ्यात, हे बरं झालं. चार-पाच महिने कोरडे रस्ते मिळाले.

पहिले काही रविवार आम्ही गावाबाहेर गेलोच नाही. फक्त चढ. हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनाचा आवाज बसतो आणि बॉनेट किंचित उचललं जातं, तिथे पाय थांबवायचा. मग थोडा ॲक्सिलरेटर आणि हँडब्रेक खाली. गाडी मागे न जाता उचलते. आधी रिकाम्या चढावर, मग भावोजींना समोरून स्कूटरवर यायला लावून, मग रात्री. मागे घेण्याचा सराव तेवढाच केला, कारण वळणात समोरून कुणी आलं तर मागे जायची पाळी बहुतेक वेळा खालून चढणाऱ्यावर येते. कायद्यानं आणि रीतीनं चढणाऱ्याला वाट द्यायची असते, पण वाडीत सगळे ते पाळतात असं नाही.

आता ती दुपारपाळीहून एकटी येते. भाट्याचा पूल, गोळपचा सडा, पावस, मग आपला उतार. उतरताना दुसरा गिअर, पाय क्लचवरून काढलेला. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची सवय काही जणांना असते. ती तिला लागू नये यासाठी मी फार बोललो आहे. डाव्या बाजूचा आरसा एकदा गडग्याला लागला, त्याचं कव्हर बदललं. घरात कुणीही काही बोललं नाही.

शिमग्याला भाचा आला तेव्हा पालखीसाठी सगळ्यांना नेण्याची जबाबदारी तिच्याकडे होती. माणसं जास्त होती, म्हणून तिनं दोन खेपा केल्या. भाड्याची गाडी आणावी लागली नाही.

मृगाच्या आधी मागचे दोन टायर बदलायचे आहेत, वायपरची रबरं नवी घ्यायची आहेत आणि पुढची काच आतून स्वच्छ करून एसीची हवा काचेवर कशी घ्यायची त्याचा सराव करायचा आहे. वळणावर गोल आरसा बसवावा असा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. शेवाळ खरवडण्याचं काम वाडीतली मुलं करणार आहेत. ताईला कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचं आहे. आंबा घाट पाऊस सरल्यावर, धुकं नसताना, दिवसा करायचा असं ठरलं आहे. चालवणार भाचीच, मी शेजारी बसेन.